आठ झाकणं

अहमदपूरच्या स्टँडवर नांदेडची गाडी वेळेवर लागली, असं मी सांगितलं तर तुम्ही मला लबाड म्हणाल. म्हणून सांगत नाही. शेजारच्या बाकावर मन्मथ आणि त्याची थोरली बहीण बसले होते, पिशवीत मोसंबीच्या करपलेल्या फांद्या घेऊन. त्यांचं बोलणं मात्र जसंच्या तसं देतो.

“झाडं उन्हानं गेली म्हणतोस, मन्मथ?”

“न्हाई आक्का, औषधानं गेली. ते नॅनोचं, उन्हात झाडानं तग धरावा म्हणून फवारायचं.”

“मग नांदेडच्या शेतीखात्याच्या साहेबानं इख दिलं का तुला?”

“साहेब म्हणले, एका पंपाला एक झाकण. त्यातला कण लई बारीक असतो, केसाच्या हजाराव्या हिश्श्याएवढा.”

“मग?”

“एवढ्या बारक्या कणानं एवढ्या मोठ्या झाडाचं काय भागणार? मी आठ झाकणं टाकली.”

“आरं देवा! कालवणात मीठ बी असंच टाकतोस का?”

“दुसऱ्या दिवशी पानं तांबडी पडली. मग उभी बाग वाळली. औंदा पहिलं फळ धरलं होतं, आक्का.”

“आन् शेजारच्या दयानंदची?”

“त्यानं एकच झाकण टाकलं. हिरवीगार हाय.”

“साहेबाकडं फुटवा यायचं काही औषध असंल की.”

“फोनवरच म्हणले, मुळापासून गेली, काढून टाका.”

“मग ह्या फांद्या घेऊन आपण नांदेडला कशाला चाललोय?”

“आज बाग उपटायला जेसीबी यायलाय. घरी थांबलो असतो तर आवाज आला असता.”