पिवळ्या सीटची सायकल

हानेका: ही तिसरी भेट, रेन्स्का, आणि आजही तू झोपेबद्दलच बोलतेयस. आधी चहा घे.

रेन्स्का: इथलं बोलणं बाहेर जात नाही ना? तुम्हाला समुपदेशक म्हणून आमच्याच संस्थेनं नेमलंय, म्हणून विचारते.

हानेका: नाही जात. कुणाच्या जिवावर बेतणार असेल, तरच सांगावं लागतं. पहिल्याच दिवशी म्हटलं होतं मी.

रेन्स्का: तेच डोक्यात बसलंय. म्हणून तर झोपेचं पुराण लावलं.

हानेका: म्हणजे बेतलंय. कुणाच्या जिवावर?

रेन्स्का: चिडू नका हं.

हानेका: चिडायचं वय गेलं माझं. बोल.

रेन्स्का: आमच्या आसरागृहाचा पत्ता गुप्त असतो. मारकुट्या नवऱ्यांना सोडून आलेल्या बायका तिथं. म्हणून आम्ही सायकली तीन गल्ल्या अलीकडे लावायच्या आणि चालत जायचं. नव्या मुलींना हा नियम मीच शिकवते!

हानेका: आणि?

रेन्स्का: दोन आठवड्यांपूर्वी धो धो पाऊस होता. हातात तिथं राहणाऱ्या इल्सेच्या लेकीचा वाढदिवसाचा केक. म्हटलं, एक दिवस काय होतंय. लावली थेट दारात.

हानेका: एका दिवसात कोण बघणार?

रेन्स्का: माझ्या सायकलची सीट पिवळीधमक आहे हो. ग्रोनिंगनच्या कोर्टात इल्सेबरोबर मीच जाते. तिच्या नवऱ्यानं तिथं ती पाहिलीय. ‘छान आहे तुमची सायकल,’ म्हणाला होता. हसून.

हानेका: तो दिसला का?

रेन्स्का: सोमवारी. आमच्या समोरच्या बेकरीपाशी. काल परत.

हानेका: अगं, मग मार्लिसला का नाही सांगितलंस? प्रमुख आहे ना ती तुमची?

रेन्स्का: घर हलवावं लागेल. अकरा मुलं, परत नव्या शाळा. मला काढतीलच. पण खरी भीती इल्सेची वाटते. माझ्या भरवशावर ती आता कुठे झोपायला लागलीय. तिला कळलं तर?

हानेका: मुलांची शाळा कधी सुटते?

रेन्स्का: सव्वातीनला.

हानेका: पावणेतीन झालेत. रेन्स्का, आता मला गप्प बसता येणार नाही. फोन करतेय मी.

रेन्स्का: थांबा. द्या इकडे. मी करते.

(बराच वेळ रिंग वाजते.)

रेन्स्का: मार्लिस, मी रेन्स्का. आधी पोलिसांना बोलाव. मुलांना शाळेतच थांबव, कुणी दार उघडू नका. का, ते सांगते. आणि इल्सेला फोनपाशी बोलाव. तिला माझ्याच तोंडून कळू दे.