खाऱ्या वावरातली मिरची

इथं जमलेल्या बायामानसाइनो, कॉलेजातल्या सरलोकाइनो, पोरापोरीइनो,

मले सभेत बोलायची सवय नाही. त्यात मानूस गेल्यावर त्याच्याबद्दल ‘होते’ म्हनताना जीभ अडते. तुमच्यासाठी ते वनस्पतिशास्त्राचे सर. माह्यासाठी मधुकरभाऊजी, माह्ये सख्खे दीर. म्हनून उभी राह्यली.

आमचं वावर खैरलांजीकडे, पाटाच्या खालच्या अंगाले. पाटाचं पानी मुरत गेलं आन् वावर खारं झालं. उन्हाळ्यात मातीवर पांढरा थर धरे. धान पिवळं पडे, मिरची करपून जाये. माह्या मालकानं काही वर्षं वाट पाह्यली, मग उकव्याच्या मँगनीजच्या खदानीत काम धरलं. म्हनाले, वावर पडीक राहू दे, तूबी चल. मी नाही गेली. काहून? त्या वावरात सासूनं आन् मी सोबत चिखलात धानाची रोपं लावून रोवना केलता. सासू गेली, पन माहा पाय तिथून निघे ना.

तवा भाऊजी दर रविवारी बालाघाटहून बसनं यायले लागले. बांधावर एक गवत त्या खाऱ्यातबी हिरवंगार होतं. भाऊजीनं ते बाजूनं खोदलं, मुळ्या रुमालात बांधून नेल्या. मग सांगतात, मुळ्याइत बुरशी हाये. मी घाबरली. बुरशी म्हनजे नासकं, एवढंच मले माहीत.

त्याइनं मले ह्याच कॉलेजात आनलं, यंत्राच्या नळीले डोळा लावायले सांगितलं. मुळीच्या आत बारीक धागे होते. दिसावे म्हनून त्याइले निळा रंग दिलता.

“वहिनी, हे मीठ नाही काढत,” ते म्हनाले. “मुळी पोचत नाही तिथून हे पानी आन् खत आनून देतात. झाड त्याइले साखर देते. खाऱ्यात झाड तहानेलं राह्यते, तवा ही सोबत कामी येते.”

मग आमी मिरचीचे दोन वाफे केले. एकात बांधावरच्या त्या गवताखालची माती टाकली. दुसऱ्यात तीच माती, पन चुलीवर भाजून. भाजली की बुरशी मरते, मग फरक समजते, असं त्याइनं सांगितलं. कढईत माती भाजताना पाहून शेजारनी खूप हसल्या. भाऊजीबी हसले.

पहिल्या साली पानी साचलं आन् दोन्ही वाफ्यातली रोपं सडली. भाऊजी बांधावर बसून राह्यले. जेवले नाही. मीच म्हटलं, पुढच्या साली सरी उंच घालू.

घातली. भाजल्या मातीतल्या रोपाइची पानं कडेनं जळत गेली. दुसरी रोपं ठेंगनीच राह्यली. पन उभी राह्यली. फुलली. मिरची लागली.

मालक सुट्टीवर आले. मी काही कळवलं नव्हतं. सरीसरीनं फिरले, एक मिरची तोडली, आन् लहान भावाले विचारलं, हे जगली कशी? भाऊजी सांगत बसले, ताटातला भात गार झाला. मालक पुन्हा उकव्याले गेले ते खोली सोडायले. आज ते तिकडे मागं बसले हायेत.

काविळीनं भाऊजी खाटेवर पडले तवा मी उशाशी होती. म्हटलं, तुम्ही आमचं वावर बरं केलं, मी साऱ्या गावाले सांगीन. त्याइनं मान हलवली.

“वहिनी, वावर बरं झालं असं नका सांगू. मीठ हाये तिथंच. झाड तग धरते, एवढंच सांगा. लोकाइले खोटी आस नको.”

मरनाच्या दारातबी ह्या मानसाले लोकाइची काळजी. आता कोनाले भाऊजी म्हनू?

त्याइनं सांगितलं तेवढंच मी सांगितलं. मीठ हाये. झाड तग धरते.

आता उठा सारे. काही न बोलता घडीभर उभे राहू. भाऊजी, तुमच्या वहिनीचा रामराम.