तापल्या बिडावर पाणी

(महाडात महिपत फिटरची शेड. बंद पडलेली लारी बैलांनी ओढून नुकतीच दारात आणली आहे.)

गोदूबाई : मगापासून नुस्ती टकटक करतोस, महिपत. नारळ हाय का तो, वाजवून घ्यायला?

महिपत : तसंच समजा, काकी. चांगलं बीड, म्हंजे ओतीव लोखंड, घंटेगत वाजतं. हे फुटक्या मडक्यागत वाजतंय. हा बघा तडा. इंजान साफ खलास.

गोदूबाई : तडा मला दावू नको. इलाज बोल. मुंबईत धा वर्सं काय झाडू मारलास?

महिपत : तीन वाटा हायत. तड्यावर तांब्याचे खिळे ओळीनं बसवायचे, गोधडीला टाके घालतात तसे. नायतर मुंबईहून मोडक्या लारीचं जुनं इंजान आगबोटीनं दासगावला उतरवायचं. नायतर नवं कोरं मागवायचं.

गोदूबाई : नवं मागव.

महिपत : तुमच्या चांगूला तरी इचारा. गाडी तो चालवतो.

चांगू : मी नाय चालवणार. नवं बसवा, जुनं बसवा. मी नाय बसणार तिच्यात.

गोदूबाई : बोलला एकदाचा! बायकोचा तेरावा काल झाला. ती गेली तवापासून भाजी अळणी हाय एवढंसुदीक बोलला नव्हता.

महिपत : आवडीवहिनी ह्याच गाडीत गेली ना?

गोदूबाई : पोर पोटात आडवं आलेलं. आमच्या कापडे गावाहून इथं डाक्टरकडं आणत होतो. चढणीला गाडीनं वाफ सोडली. व्हाळाकाठी जी थांबली, ती थांबलीच. बैलगाडी येईस्तोवर दोघंबी गेली.

महिपत : रागावू नको चांगू, पण तापल्या बिडावर व्हाळाचं गार पाणी? अर्धा तास निवू दिली असतीस, तर गाडी महाडला पोचली असती.

चांगू : घाई झाली. ओतलं मी.

महिपत : अरे, शेतकऱ्याचा पोर तू! चढण चढून आल्या बैलाला लगेच पाणी पाजतं का कोण?

गोदूबाई : नाय पाजत.

महिपत : बघ, काकींना ठाव हाय.

गोदूबाई : मीच शिकवलंय त्याला. बैल पाण्याकडं कितीबी ओढू दे, धाप बसंस्तोवर कासरा सोडायचा नाय.

चांगू : आये, गप ऱ्हा.

गोदूबाई : का गप? महिपत, हा झाकण उघडून म्हणत होता, जरा थांब आये, जरा थांब. आत ती वरडत होती. मी म्हटलं, बायको मरतेय नि तुला लोखंडाची कीव येते? त्याचा हात झटकला नि कळशी उपडी केली. मी.

चांगू : मीच ओतलं, महिपतदादा.

गोदूबाई : सगळ्या गावाला हेच सांगत फिरला. नि मी सांगू दिलं.

महिपत : ...काकी, मग नवं इंजान मागवू ना?

गोदूबाई : नको. टाके घाल.

महिपत : टाके दिसतील, काकी. कायमचे.

गोदूबाई : दिसू देत. चांगू, त्या बैलांना पाणी दाव रे. जीभ काढून उभे हायत.

चांगू : जरा थांब, आये. अजून धापतायत.

गोदूबाई : थांबते.