जावयानं गिळली

...थुकतेत हो. तुमाला सांगतो, चक्क थुकतेत! एवढी म्हागाची वाईन, काचेच्या गिलासात, तोंडात घेतेत, इकडल्या गालातून तिकडल्या गालात घोळवतेत, डोळे झाकतेत, आता गिळतील, मंग गिळतील म्हणून आपण बघून राहिलो, अन् फचकन बादलीत! मी हळद पिकवणारा माणूस, आखाडा बाळापूरजवळ माही शेती, आयुष्यात लई नुसकान पाहिली, पण पैसे देऊन, हौसंनं केलेली नुसकान तिथंच पाहिली.

आता तुमी म्हणाल, सोमेश्वरराव, तुमी तिथं काहून कडमडले? अवो, माहे जावईबापू नाशिकचे. लग्न जमवताना त्यांच्या चुलत्यानं सांगितलं, पोरगा फळप्रक्रियेत हाय. आमाला वाटलं, जाम असल, सरबत असल... पोरगी, आमची पुनम, नांदायला गेली अन् मंग कळलं, द्राक्षाची वाईन करतेत! बरं, जावईबापूचं काम काय? चाखायचं. पगार घेऊन चाखायचं!

आमच्या कारभारणीच्या, मंजुळाबाईच्या गळ्यात तुळशीची माळ, नरसीच्या नामदेवबाबाची एकादशी चुकवत न्हाई. तिनं कपाळाला हात लावला. "माय माय, बेवड्याच्या घरात दिली लेक! जा, आत्ताच्या आत्ता घेऊन या तिला." म्या म्हणलं, थांब, आधी डोळ्यानं पाहून येतो. अन् गेलो तर काय... थुकतेत!

जावईबापूनं मला सरळ त्यांच्या वायनरीतल्या चाखायच्या वर्गात बसवलं. शिकायला आलेले सगळे पुण्या-मुंबईचे हौशी. "मामा, गिलास जरा फिरवा. आता वास घ्या. कशाचा येतोय?" म्या म्हणलं, द्राक्षाचा. दुसरा कशाचा येणार? बाजूची बाई डोळे मिटून म्हणती कशी, "मला ना... ओल्या मातीचा येतोय, आणि किंचित चामड्याचा." चामड्याचा! अन् जावईबापू म्हणतेत, "अगदी बरोबर." आता मला सांगा, आमच्या घरी खायच्या वस्तूला चामड्याचा वास आला तर आमी आधी चुलीजवळ चप्पल कोणी काढली ते बघतो. मंग म्या बी घोट घेतला, घोळवला अन् गिळला. सगळा वर्ग माह्याकडं बघून राहिला. "मामा, बादली इकडं आहे." अवो, सोयऱ्याच्या दारी दिलेलं थुकायचं? आमच्यात सोयऱ्यानं बिनसाखरेचा चहा दिला तरी माणूस वा वा म्हणून पितो!

पण खरं सांगतो, मला नाद लागला. पिण्याचा न्हाई, करण्याचा. तिथं टाकीला कान लावला तर आतून गुणगुण ऐकू येती, जसं लेकरू झोपेत बोलून राहिलं. म्या दुसरी वायनरी पाहिली, तिसरी पाहिली. द्राक्ष चुरायची कशी, खमीर टाकायचं कसं, समदं शिकून घेतलं. घरी येऊन मंजुळाबाईला सांगितलं, जावईबापू पीत न्हाईत. थुकतेत! "खरं?" नामदेवबाबाची आण. मंग ती म्हणली, "बरं. पण ज्या दिवशी गिळताना दिसला, त्या दिवसापासून लेक माह्या घरी."

मंग म्या हिंगोलीहून द्राक्ष आणली, बरणीत रस घातला. तिसऱ्या वायनरीत शिकवणारी बाई बजावून म्हणली व्हती, "काका, रस खदखदून शांत झाला की हवा लागू देऊ नका." आता माहं सगळं आयुष्य हळदीत गेलं. शिजवलेली हळद हवेशीर पसरली न्हाई की बुरशी आलीच समजा. हवा लागू देऊ नका म्हणजे काय? मला ते पटंचना. म्या बरणीला पातळ कापड बांधलं, खिडकीत ठेवली, रोज उघडून हलवली, वारं घातलं. एवढी सेवा तर म्या पोटच्या पोरीची केली न्हाई.

तेवढ्यात आला धोंड्याचा महिना. जावयाला देवागत पाटावर बसवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे. पुनम अन् जावईबापू आले. भावकी जमली. म्या सगळ्यांसमोर गिलास पुढं केला. बाजूला नवी कोरी बादली, घासून पुसून. मंजुळाबाई सैपाकघराच्या दारात, डोळ्याची पापणी न हलवता उभी. म्या म्हणलं, सांगा जावईबापू, कशाचा वास येतो?

त्यांनी वास घेतला. डोळ्यात पाणी आलं. मला वाटलं, आनंदाचं. घोट घेतला, तोंड लालबुंद. म्या बादली पायानं पुढं सरकवली. त्यांनी बादलीकडं बघितलं, भावकीकडं बघितलं, माह्याकडं बघितलं... अन् गिळली! अवो, एक घोट न्हाई, अख्खा गिलास!

"गिळली!" मंजुळाबाई दारातूनच बोलली. "आण घेतली व्हती न तुमी? थुकतेत म्हणले व्हते न? पुनम, तुही बॅग आत ठेव. तुला आता जायचं न्हाई." पुनम रडायला लागली. म्या म्हणलं, जावईबापू, काहून गिळली हो?

ते खाली मान घालून म्हणतेत, "मामा, वायनरीत असतो तर नुसता वास घेऊनच बाजूला ठेवली असती. पण पाटावर बसून सासऱ्याच्या हातचं थुकू कसं?" अन् मंग मंजुळाबाईला म्हणतेत, "मामी, ही वाईन राहिलीच नाही. हवा लागून पार सिरका झालाय, व्हिनेगर."

मंजुळाबाई आली. पदर नाकाला लावून वाकली, मंग पदर काढला, पुन्हा वाकली. "व्हय की!" अन् एकदम डोळे भरले तिचे. "म्हणजे लेकरू दारू प्यालं न्हाई! तुमची इज्जत राखाया असलं आंबट पोटात घातलं माय त्यानं!" अन् जावयाच्या ताटात धोंड्यावर धोंडे, तुपावर तूप.

पुनम हसत नाशिकला गेली. चांगलं झालं, माही काई तक्रार न्हाई. पण बरणी राहिली न घरातच! मंजुळाबाई तिच्यात कांदा बुडवून ठेवती, दोन्ही येळच्या जेवणाला वाढती. "खा. हौसंनं केलंय न?" अन् समोर बसती, हनुवटीला हात लावून. बादली बी तिथंच असती, बाजूला, नवी कोरी...

थुकतेत हो नाशकात. मी गिळतो.