मोबाइलचा उपास

अगं, आमच्या चौथीतल्या नातीची गंमत ऐक. शाळेनं रविवारी पोरांना मोबाइलचा उपास करायला सांगितला. पोरगी दिवसभर वाकोल्याच्या बाजारात माझ्या माशांच्या पाटीजवळ बसली, गिऱ्हाइकांशी भांडली, पण फोनला हात लावला नाही. सोमवारी शाळेतून रडतच आली.

"आजी, सगळ्यांना स्टार मिळाला, मलाच नाही. उपासाचा फोटो दर तासाला अ‍ॅपवर टाकायचा होता!"

मी तशीच शाळेत गेले. म्हटलं, "बाई, श्रावण पाळलाय हे दाखवायला मी तुमच्यासमोर बोंबील खाऊ काय?"

बाई खो खो हसल्या. पोरीला स्टार दिला. मग फोन माझ्या तोंडासमोर धरून म्हणाल्या, "आजी, हे परत बोला ना, ग्रुपवर टाकते!"