हनीफभाईंनी शोधलेला फॉल्ट

बसा, बसा. रझियाभाभी, सना बेटा, आमचे मालक अर्बाब, आणि गॅरेजमधल्या माझ्या सगळ्या भावांनो,

शुक्रवारची सुट्टी असूनही बरकाच्या या शेडमध्ये एवढी माणसं जमलीत. कोणी रुसैलहून आलंय, कोणी अल् खुवैरहून. मला बोलता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. हनीफभाई असते तर म्हणाले असते, "इंजिनियर, बस कर, चाय थंड होते." मंगळवारी ते गेले. अजून त्यांच्या बाकड्याकडे बघवत नाही.

चौदा वर्षं आम्ही त्या बाकड्यावर एकत्र जेवलो. भाभी, तुमच्या हातची सुकटीची चटणी माझ्याच वाटणीला जास्त यायची. "पुन्याच्या मानसाला तिखट सोसत नाय," असं म्हणायचे आणि डबा माझ्याकडेच सरकवायचे. कसले दिवस होते हो! पंखा नुसता गरम वारा फेकायचा, आणि आमचं हसणं रस्त्यापलीकडे ऐकू जायचं.

पण आज मला वेगळंच सांगायचंय. ते सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही.

या अरबी मुलखात मी नवा होतो. तीन महिन्यांच्या बोलीवर आलेलो. काम जमलं नाही तर परत पाठवीन, असं अर्बाबनी स्पष्ट सांगितलेलं. तेव्हा मासळीबाजारातले एक व्यापारी गाडी घेऊन आले. स्टेअरिंग दगडासारखं जड, समोर पिवळा दिवा. मी पडलो पुण्याहून शिकून आलेला! स्कॅनर लावला. त्यानं दाखवलं, स्टेअरिंगच्या मोटरचा फॉल्ट. बॅटरी मोजली, चांगली. अर्थिंग मोजलं, चांगलं. छाती पुढे काढून सांगून टाकलं, मोटर गेली, बदला.

मोटरचा खर्च ऐकून व्यापारी भडकले. थेट अर्बाबकडे गेले. माझी बॅग भरायची वेळ आली होती, मित्रांनो.

मग हनीफभाई आले. स्कॅनरकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी व्यापाऱ्यांना अरबीत काय विचारलं असेल? सुरमई कुठे ठेवता? मी मनात म्हटलं, यांना आता जेवण सुचतंय! व्यापाऱ्यांनी पुढच्या सीटसमोर, पायाशी बोट दाखवलं. सगळ्यात चांगली मासळी ते तिथे, एसीच्या गारव्यात ठेवायचे.

हनीफभाई माझ्याकडे वळले. "तू अर्थिंग मोजलंस, तवा स्टेअरिंग कोन फिरवत होता?"

कोणीच नाही.

"अरे, स्टेअरिंग गप हाय तवर सगल्या वायरी शान्या. बस आत. इंजिन चालू कर नि पुरा वलव."

मी वळवलं, आणि त्यांनी अर्थिंगला लावलेल्या मीटरचा आकडा चढला, म्हणजे करंट तिथेच अडत होता. त्यांनी पायाखालचं रबर उचललं. बर्फाच्या खाऱ्या पाण्यानं अर्थिंगचा बोल्ट खाऊन टाकलेला. मोटर बिचारी धडधाकट होती, तिला करंटच पुरेसा मिळत नव्हता. त्यांनी बोल्ट पॉलिश पेपरनं घासला, आवळला, वर ग्रीस लावलं. यल्ला, खलास! स्टेअरिंग एका बोटानं फिरलं.

तेवढ्यात अर्बाब आत आले. स्टेअरिंगवर मी बसलेलो. त्यांना वाटलं, मीच शोधलं. त्यांनी माझी पाठ थोपटली. मी हनीफभाईंकडे बघितलं, तर ते हात धुवायला निघून गेले. आणि मी? मी गप्प राहिलो.

संध्याकाळी त्यांना विचारलं, सांगू का अर्बाबना? म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तुजी नोकरी नवी हाय."

नोकरी जुनी झाली, तरी मी सांगितलं नाही. लोक मला स्टेअरिंगचा उस्ताद म्हणायला लागले. पुढे फोरमन निवडायची वेळ आली, तेव्हा अर्बाबनी त्याच कामाचं नाव काढलं आणि मला निवडलं. हनीफभाई माझ्या हाताखाली राबत राहिले. कधी टोमणा नाही, कधी कुरबूर नाही. रोज सकाळी मलाच विचारायचे, "काय काम हाय, इंजिनियर?" लाज वाटायची हो. रोज वाटायची, आणि रोज मी ती गिळायचो.

सना बेटा, तुला मराठी पटकन समजत नाही, म्हणून हळू सांगतो. तो फॉल्ट तुझ्या अब्बांनी शोधला. फोरमनची खुर्ची त्यांची होती.

अर्बाब इथे पुढेच बसलेत. त्यांना मराठी कळत नाही, म्हणून एवढं तरी मला बोलता आलं. आता हेच सगळं मी त्यांना अरबीत सांगणार आहे, मोडकंतोडकं का होईना. तेवढं थांबा. मग आपण सगळे शांत उभे राहू. दुवा करायची त्यांनी दुवा करा, हात जोडायचे त्यांनी हात जोडा.

हनीफभाई, फार उशीर केला मी. माफ करा. सलाम.