अप्पांच्या नावानं दिलेला बैल

मी किसन, देवणीकडचा. बापानं धम्म घेतला तवा मी लहान होतो, घरी वावर न्हाई, लोकाची जनावरं राखत राखतच मोठा झालो, काय सांगू तुम्हाला, मानसाच्या आधी मला बैल कळले. तेच बघून अप्पांनी मला कामाला बोलावलं. अप्पा म्हंजे लिंगायत, बैलाचे व्यापारी, लई मान त्यांना. आमच्या बाजारात भाव तोंडानं न्हाई होत, रुमालाखाली बोटं धरून होतो. एकदा अप्पांना ताप होता, म्हन्ले किसन, तू हात घाल. समोरचा व्यापारी मागं सरला, म्हन्ला ह्याचा हात धरू? अप्पा म्हन्ले हात ह्याचा दिसतो पर माझाच समज, धरायचा तर धर न्हाई तर निघ. धरला की हो त्यानं. मी घरी जाऊन आईला हात दाखवला, ती नुसती रडली.

मंग लातूर नवा जिल्हा झाला, लोक म्हनायचे कचेरी जवळ आली, पर पानी कुटं जवळ आलं? दुष्काळ असा की झाडाचा पाला बी उरला न्हाई. अप्पांनी पाच बैल माझ्या हवाली केले. म्हन्ले दोन जोड्या मुदखेडच्या गिऱ्हाईकाला कबूल केल्यात, त्या पोचव. पाचवा त्यांच्या घरच्या गायीचा, ठिपक्याठिपक्याचा, तो तिकडं सोयऱ्याकडं ठेवायचा, तिकडं पानी होतं. हा कुनाला द्यायचा न्हाई बरं का, असं दोनदा म्हन्ले.

मुखेडच्या अलीकडं दोन बैल बसले, उठंनातच. एका शेतकऱ्याच्या विहिरीला पानी होतं, कडबा बी होता. तो म्हन्ला तो ठिपक्याचा मला दे, बाकीचे उभे राहीपर्यंत माझ्या गोठ्यात ठेव. मी म्हन्लं बैल माझा न्हाई. तो म्हन्ला मंग तुला अखत्यार काय, जा, मालकाला विचार. मी पोस्टात पळालो, फोन लावा म्हन्लं, ते म्हन्ले लाईन बंद हाय. वापस आलो तर तिसरा बैल बी खाली. काय करावं? जोड्यातला देता येत न्हाई, अप्पांनी शब्द दिलेला, आन हा दिला तर अप्पा काय म्हन्तील. लई डोकं फिरलं. शेवटी चार मानसं बोलावली आन म्हन्लं, ऐका, मी देऊन न्हाई राहिलो, अप्पा देऊन राहिले माझ्या हातानं.

कडबा खाऊन बैल उठले, चालाया लागले. निघताना त्या शेतकऱ्यानं एक शेळी माझ्यापुढं केली, ही तुला, अप्पांना सांगू नको. घरी लेकरांना दूध नव्हतं हो. पर न्हाई घेतली, घेतली असती तर बैल अप्पांसाठी दिला का शेळीसाठी, माझं मलाच कळलं नसतं.

चारी बैल मुदखेडला पोचवून मी घरी आलो. सगळं सांगितलं. अप्पांचा पोरगा भडकला, म्हन्ला ह्याला कुनी सांगितलं, ह्याच्याकडून भरून घ्या.  अप्पांनी मला इचारलं, बाकीचे चार पोचले? हाव म्हन्लं. तू सोताला काय घेतलंस? काईच न्हाई. तवा पोराकडं वळून म्हन्ले, बैल मी दिला. मी तिथं असतो तर हेच केलं असतं, मी नव्हतो म्हनून किसननं केलं. आन दुसऱ्या दिवशी मला घेऊन त्या गावाला गेले, शेतकऱ्याला म्हन्ले किसनचा शब्द तो माझा शब्द, बैल तुझा. बैलाच्या मानेवरून हात फिरवला आन निघाले. वाटंत डोळे पुसत होते, मी बघितलं.

माझी नात लातूरला वकिली शिकून राहिली. ती म्हन्ते आबा, अडीनडीला मालकाच्या भल्यासाठी त्याच्या मानसानं असं केलं तर कायद्यात चालतंय. मी म्हन्लं चालत असंल बाई, पर त्या दिवशी मला कायदा ठाव नव्हता, अप्पा ठाव होते.

आता अप्पा न्हाईत. मी बाजाराला अजून जातो, अप्पांचा तोच पोरगा, म्हातारा झाला तो बी, उठून मला जागा देतो, काका म्हन्तो. गुडघे दुखतेत तेवढं सोडलं तर सुखी हाय. अप्पांच्या लेकराबाळांचं भलं व्हावं, आन तुमचं बी, इतकं बसून ऐकलंत.